हंगाम सुरू असताना बास्केटबॉल संघाचा बचाव कसा सुधारायचा

६ जानेवारी २०२२ रोजी न्यूयॉर्कमध्ये एनबीए या अमेरिकेतल्या व्यावसायिक लीगमधल्या बॉस्टन सेल्टिक्सने २५ गुणांची आघाडी घालवली आणि आर. जे. बॅरेटच्या शेवटच्या क्षणाच्या थ्री-पॉइंटरवर सामना १०८-१०५ असा गमावला. तेव्हा त्यांच्या खात्यावर १८ विजय आणि २१ पराभव होते. एप्रिलमध्ये साखळी सामने संपले तेव्हा आकडा ५१-३१ झाला होता, म्हणजे उरलेल्या ४३ सामन्यांत ३३ विजय. दर शंभर पझेशनमागे (पझेशन म्हणजे बॉल एका संघाच्या ताब्यात असण्याची एक पाळी) सर्वांत कमी गुण देणारा एनबीए संघ त्या वर्षी हाच ठरला. पुढे तो अंतिम फेरीत पोचला आणि गोल्डन स्टेटकडून ४-२ असा हरला.

एवढा फरक पडला, पण प्रशिक्षक इमे उडोका यांनी बचावाची पद्धत बदलली नव्हती. पहिल्यापासून चालवलेली पद्धत त्यांनी धरून ठेवली. तिच्यात एका खेळाडूची जागा हलवली, आणि फेब्रुवारीत व्यवस्थापनाने तिला साजेसे खेळाडू आणून दिले. आपल्याकडच्या शाळा-कॉलेजच्या संघांत बहुधा उलटं घडतं. दोन सामने हरले की झोन (माणसाऐवजी जागा राखणं) सुरू होतो, तिसरा हरला की फुल कोर्ट प्रेस (कोर्टभर पाठलाग), आणि विभागीय फेरी येईपर्यंत मुलांना चार गोष्टी अर्धवट येत असतात. हंगाम सुरू झाल्यावर बचावात भर घालायला वेळ नसतो. काढून टाकायला असतो. हा लेख अशा प्रशिक्षकासाठी आहे, ज्याचे सामने चालू आहेत, ज्याला एकच कोर्ट मिळतं, तेही रोज दीडेक तास. नियम फिबाचे, म्हणजे आंतरराष्ट्रीय बास्केटबॉल महासंघाचे, धरले आहेत.

आधी मोजदाद

‘आपला डिफेन्स खराब आहे’ या वाक्यातून काहीच हाती लागत नाही. बेंचवरच्या एका खेळाडूच्या हाती वही द्या. समोरच्यांचा प्रत्येक गुण कसा आला ते त्याने लिहायचं: फास्ट ब्रेकवर (आपण परत येण्याआधीच्या वेगवान हल्ल्यावर), त्यांनीच घेतलेल्या रिबाउंडवर (चुकलेल्या शॉटचा परत आलेला बॉल), ड्राइव्हवर (ड्रिबल करत रिंगकडे घुसून), बाहेरच्या मोकळ्या शॉटवर की फ्री थ्रोवर. आणखी एक रकाना ठेवा: बचाव चांगला होता, तरी बास्केट पडली. हा रकाना फार महत्त्वाचा आहे. हात तोंडासमोर असताना कुणी फिरून मारलेला शॉट पडला, तर त्यासाठी दुसऱ्या दिवशी कुणाला बोलणी बसू नयेत.

दुसरा आकडा पझेशनचा. समोरच्यांचे शॉटचे प्रयत्न, त्यातून त्यांचे ऑफेन्सिव्ह रिबाउंड वजा, त्यात त्यांचे टर्नओव्हर (शॉटआधीच घालवलेले बॉल) अधिक, आणि फ्री थ्रोच्या प्रयत्नांची ०.४४ पट अधिक. (०.४४ अशासाठी की प्रत्येक फ्री थ्रोने पझेशन संपत नाही. दोन मिळतात, कधी बास्केटवर एक जादा मिळतो.) समजा त्यांनी ६२ शॉट मारले, १२ ऑफेन्सिव्ह रिबाउंड घेतले, १६ वेळा बॉल घालवला आणि १८ फ्री थ्रो घेतले. ६२ − १२ + १६ + ७.९, म्हणजे साधारण ७४ पझेशन. त्यात ५८ गुण दिले असतील तर शंभरामागे ७८.

हा खटाटोप करायचा, कारण नुसता स्कोअर फसवतो. धावपळीच्या सामन्यात ९० पझेशनमध्ये ७० गुण देणारा संघ (शंभरामागे ७८) रटाळ सामन्यात ६० पझेशनमध्ये ५५ देणाऱ्या संघापेक्षा (शंभरामागे ९२) बचावात कितीतरी सरस असतो. पालक आणि मुख्याध्यापक ७० बघून नाराज होतील, होऊ देत.

तीन-चार सामन्यांची वही झाली की सर्वांत भरलेला रकाना दिसतो. पुढचे दोन आठवडे त्याच रकान्यावर काम करायचं. शालेय पातळीवर तो रकाना बहुतेक वेळा फास्ट ब्रेकचा निघतो, म्हणून सुरुवात तिथून.

परत धावणं

ट्रान्झिशन बचाव आपल्या शॉटपासून सुरू होतो. आपण शॉट मारला की कोण रिबाउंडला जाणार आणि कोण मागे पळणार, हे आधी ठरलेलं हवं. साधा नियम पुरतो: बॉल हातातून सुटताच दोन्ही गार्ड (बॉल पुढे आणणारे, बाहेर खेळणारे खेळाडू) मागे, बाकीचे तिघे रिबाउंडला. गार्ड स्वतः ड्राइव्ह करून रिंगखाली गेला असेल तर त्याच्या जागी सर्वांत बाहेर उभा असलेला खेळाडू पळतो. ही अदलाबदल शिकवली नाही, तर बाकी सगळं फुकट.

पळणाऱ्यांचा क्रम असा: पहिला माणूस रिंग झाकतो, दुसरा बॉल अडवतो, त्यानंतर येणारे आपापली माणसं शोधतात. मुलं पहिल्या धावेत ‘माझा माणूस कुठाय’ म्हणून बघत बसतात आणि रिंग मोकळी राहते. आपल्या माणसाच्या नादी न लागता आधी पेंटपर्यंत (रिंगसमोरच्या आखलेल्या चौकोनापर्यंत) यायचं, मग बाहेर पसरायचं. पहिली तीन-चार पावलं मागे न बघता पूर्ण वेगाने, मग मान वळवून बॉल बघायचा.

यासाठी एक जुना आणि भरवशाचा सराव आहे. पाच आक्रमक बेसलाइनवर (रिंगमागच्या शेवटच्या रेषेवर), त्यांच्यासमोर पाच बचावपटू फ्री थ्रो रेषेच्या उंचीला. प्रशिक्षक एका आक्रमकाकडे बॉल टाकतो. त्याच्या समोरच्या बचावपटूने बेसलाइनला हात लावूनच मागे पळायचं. बाकीचे चौघे पाच जणांविरुद्ध तोवर तग धरतात. पाचवा पोचला की खेळ पुढे चालूच राहतो. दहा मिनिटं पुरे. शिक्षा म्हणून कोर्टच्या फेऱ्या मारायला लावण्यापेक्षा यात जास्त दम लागतो, आणि काहीतरी शिकूनही होतं.

फास्ट ब्रेकचा रकाना भरलेला असतो तेव्हा आपल्या टर्नओव्हरचाही आकडा पाहा. कोर्टच्या मधोमध टाकलेला आडवा पास समोरच्याच्या हातात गेला की जगातला कुठलाही बचाव ती बास्केट थांबवू शकत नाही. तो दोष पासचा आहे, तिथेच दुरुस्त करा.

अर्ध्या कोर्टचा पाया: शेल

एक निर्णय प्रशिक्षकाने घ्यायचा असतो आणि पूर्ण हंगाम पाळायचा असतो: बॉलवाल्याला कुठे जाऊ द्यायचं नाही? माझं मत स्पष्ट आहे, मधून जाऊ द्यायचं नाही. मधून घुसलेल्या ड्रिबलरला दोन्ही बाजूंना पास मोकळे मिळतात, आणि मदतीला कोणी यायचं हे कुणालाच कळत नाही. बेसलाइनकडे ढकललं की मदत कुठून येणार हे ठरलेलं असतं आणि रेषाही आपल्या बाजूने उभी असते. काही प्रशिक्षक याच्या उलट शिकवतात, तेही चालतं. चालत नाही ते एकाच संघात दोन्ही.

शेल म्हणजे चारविरुद्ध चार, दोन आक्रमक वर आणि दोन बाजूंना. याला पर्याय नाही. सुरुवातीला आक्रमक फक्त पास करतात. बॉलवरचा बचावपटू हाताच्या अंतरावर. एक पास लांब असलेल्याचा एक हात पासच्या वाटेत. दोन पास लांब असलेल्याचा एक पाय पेंटमध्ये, आणि बॉल व आपला माणूस दोघेही मान न फिरवता दिसतील असा कोन. बॉल हवेत असतानाच चौघांनी हलायचं. बॉल पोचल्यावर हललं तर उशीर झाला. प्रशिक्षकाने अध्येमध्ये शिट्टी वाजवून सगळ्यांना जागच्या जागी थांबवावं आणि पायांच्या जागा तपासाव्यात.

मग ड्राइव्ह आणायचा. बेसलाइनने घुसलेल्याला दूरच्या बाजूचा खालचा बचावपटू पेंटच्या कडेलाच छाती समोर ठेवून अडवतो. त्याचा माणूस मोकळा पडला, तर वरचा बचावपटू खाली उतरून तो घेतो. कबड्डीत कोपरारक्षक चढाईपटूवर झेपावला की मध्यरक्षकाला जागेवर राहून चालत नाही, तसंच हे. पहिल्या मदतीपेक्षा ही दुसरी मदत संघांना जड जाते. रिंगखाली आयता पास मिळून बास्केट पडली की बोट पहिल्या मदतीला गेलेल्या मुलाकडे जातं, आणि पुढच्या वेळी तो मदतीलाच जात नाही. बोट वरच्याकडे जायला हवं.

बाहेर पास गेला की क्लोजआउट. दोन तृतीयांश अंतर पूर्ण वेगाने, उरलेलं छोट्या छोट्या पावलांनी, एक हात वर, वजन मागच्या बाजूला. उडी मारायची नाही. आपली कोर्टं बहुतेक उघडी, सिमेंटची. पावसाळ्यात शेवाळ, उन्हाळ्यात धूळ. लांब टांगा टाकत थांबायला गेलं की पाय घसरतोच, आणि गुडघेही वाचवायचे असतात. समोरचा शूटर नसेल तर एवढ्या जवळ जायचंच नाही. दोन पावलं अलीकडे थांबायचं आणि त्याला मारू द्यायचं.

शेवटी चारविरुद्ध चार मोकळा खेळ, रिबाउंड मिळाल्यावरच संपणारा. सलग तीन स्टॉप (बास्केट न देता बॉल मिळवणं) मिळाले की बचावातले चौघे बाहेर. दोन स्टॉपनंतर बास्केट पडली तर पुन्हा शून्यापासून.

स्क्रीनचं उत्तर, आणि बॉस्टनची युक्ती

पिक अँड रोल म्हणजे एक आक्रमक ड्रिबलरच्या बचावपटूच्या वाटेत उभा राहून त्याला अडवतो (हाच स्क्रीन) आणि मग रिंगकडे वळतो. त्याला उत्तरं पुष्कळ आहेत. उंच खेळाडू मागे राहून रिंग राखतो आणि गार्ड स्क्रीनवरून झगडत परत येतो. किंवा उंच खेळाडू क्षणभर बाहेर येऊन ड्रिबलरला रुंद वळण घ्यायला लावतो. किंवा दोघे माणसं बदलतात, म्हणजे स्विच. निवड आपल्या खेळाडूंवरून करायची. उंच पण जड मुलगा असेल तर पहिलं. चपळ आणि दमदार असेल तर दुसरं. पाचही जण साधारण एकाच चणीचे असतील, मुलींच्या आणि १४ वर्षांखालील संघांत हे अनेकदा असतं, तर स्विच सर्वांत सोपं. एक मुख्य उत्तर पक्कं करा, एक राखीव ठेवा. तिसरं नको.

बॉस्टनने स्विच निवडलं होतं, कारण त्यांच्याकडे मार्कस स्मार्ट, जेलन ब्राउन, जेसन टेटम आणि अल हॉरफर्ड होते. यातला कोणीही कोणालाही अडवू शकत होता. अडचण पाचव्याची होती. रॉबर्ट विल्यम्स हा रिंग राखणारा सेंटर. समोरचे त्याच्या माणसाला स्क्रीनसाठी बोलवायचे, आणि तो स्विचवर रिंगपासून लांब, एखाद्या चपळ गार्डसमोर येऊन पडायचा. उडोका यांनी त्याला समोरच्या सेंटरवरून काढून त्यांच्या सर्वांत कच्च्या शूटरवर ठेवलं, जो बहुधा कोपऱ्यात उभा असतो. आता स्क्रीन हॉरफर्ड किंवा टेटमच्या माणसाचा असायचा, ते बिनधास्त स्विच करायचे, आणि विल्यम्स कोपऱ्यातल्या माणसाकडे अर्धवट लक्ष देऊन मागून रिंगवर यायचा. त्या हंगामात त्याने सामन्यामागे २.२ ब्लॉक केले आणि सर्वोत्तम बचावपटूंच्या दुसऱ्या संघात त्याचं नाव आलं. स्मार्ट वर्षातला सर्वोत्तम बचावपटू ठरला. गार्डला हा मान १९९६ मधल्या गॅरी पेटननंतर पहिल्यांदाच मिळत होता.

१० फेब्रुवारीला बॉस्टनने डेरिक व्हाइटला सॅन अँटोनियोहून आणलं आणि त्याच दिवशी डेनिस श्रोडरला ह्यूस्टनला धाडलं. स्विच करणाऱ्या संघात चणीने लहान गार्ड असला की समोरचे हेरून त्यालाच आपल्या मोठ्या खेळाडूसमोर ओढतात. व्हाइट उंच होता, आणि बचावात पक्का.

ही युक्ती आपल्याला बॉस्टनपेक्षाही सोपी जाते. एनबीएमध्ये बचावपटूला कुणालाही न अडवता पेंटमध्ये तीन सेकंदांपेक्षा जास्त उभं राहता येत नाही, त्यामुळे विल्यम्सला सतत आत-बाहेर करावं लागे. फिबाच्या नियमांत हे बंधन नाही. तीन सेकंदांचा नियम फक्त आक्रमकांना आहे. जिल्हा पातळीवरच्या जवळजवळ प्रत्येक संघात बाहेरून शॉट न मारणारा एक तरी खेळाडू असतो. तुमचा सर्वांत उंच, डोकं शाबूत असलेला मुलगा त्याच्यावर ठेवा आणि पेंटमध्ये उभा करा. त्यांच्या सेंटरला दुसरा ताकदवान मुलगा पुढून अडवेल, वरून पास आला तर मागे उंच मुलगा आहेच. एवढ्या एका बदलाने ड्राइव्हचा रकाना निम्म्यावर आलेला मी पाहिला आहे. समोरच्यांनी त्या कच्च्या शूटरला स्क्रीन लावायला बोलावलं, तर आपला उंच मुलगा मागे राहील. शॉट त्या कच्च्या शूटरलाच घ्यावा लागेल.

रिबाउंड आणि फाउल

शॉटसाठी मिळणारे पूर्ण २४ सेकंद जिवाचं रान करून बचाव केला आणि रिबाउंड त्यांना दिला, तर घड्याळ त्यांच्यासाठी पुन्हा १४ वर येतं आणि आपली मुलं खचतात. शॉट सुटताच बॉलकडे बघायचं नाही. आधी माणूस शोधून त्याला पाठीने धक्का द्यायचा, मग वर बघायचं. उघड्या कोर्टांवरचे ताठ रिंग बॉल लांब फेकतात, आणि थ्री-पॉइंटरचा रिबाउंड तर हमखास लांब पडतो. म्हणून गार्डनाही बॉक्स आउट करायला लावा. सरावात अधूनमधून ‘बॉल जमिनीवर पडू द्या’ असं सांगा: शॉट चुकला की पाचही जणांनी माणसं अडवून धरायची आणि बॉलला पेंटमध्ये टप्पा पडू द्यायचा. टप्पा पडला तर बचाव जिंकला.

फाउलचं गणित मुलांना तोंडपाठ हवं. पाच वैयक्तिक फाउलवर खेळाडू बाहेर. एका क्वार्टरमध्ये संघाचे चार झाले की पाचव्यापासून दोन फ्री थ्रो. फलकावरचा आकडा वाचायचं काम कर्णधाराकडे द्या, चौथा होताच त्याने सगळ्यांना ओरडून सांगायचं. हाताने फाउल करायची सवय मोडायला शेलमध्ये दोन्ही हातांत टेनिस बॉल धरायला लावतात. मुलं हसतात, पण पाय हलू लागतात. आणि पहिली तीन मिनिटं पंचांकडे बघा. काही पंच हाताचा स्पर्शही वाजवतात, काही अंगाला अंग लागलं तरी गप्प असतात. वाद घालण्यापेक्षा आपली पकड त्याप्रमाणे सैल किंवा घट्ट करा.

तोंड

मुका संघ बचाव करू शकत नाही. हाका चार-पाचच ठेवा, छोट्या ठेवा: ‘बॉल’, ‘हेल्प’, ‘स्क्रीन डावी’, ‘स्विच’, ‘शॉट’. ‘स्क्रीन डावी’ ही हाक स्क्रीन लावणाऱ्याला अडवणाऱ्याने द्यायची, कारण ती दिसते फक्त त्याला. बॉलवरच्याची पाठ तिकडे असते. शेलमध्ये कोणी हाक चुकवली तर बचाव यशस्वी झाला तरी स्टॉप मोजायचा नाही. लाजाळू मुलांना हे सुरुवातीला जड जातं. त्यांना आधी एकच हाक नेमून द्या.

आठवड्याची मांडणी

सामना शनिवारी असेल तर सोमवारी फक्त व्हिडिओ आणि हलकं शूटिंग. गॅलरीतून मोबाइलवर उभ्या-उभ्या केलेलं चित्रीकरणही चालतं, पाचही बचावपटू चौकटीत दिसले म्हणजे झालं. अख्खा सामना दाखवू नका. आठ-दहा तुकडे काढा, त्यातले तीन तरी चांगल्या बचावाचे. प्रत्येक बास्केटमागची पहिली चूक कोणती, एवढंच विचारा. ज्याच्या डोक्यावरून शॉट पडतो तो बहुधा तिसऱ्या किंवा चौथ्या चुकीचा धनी असतो.

मंगळवार-बुधवारी खरी मेहनत: परत धावण्याचा सराव, शेल, मग पाचविरुद्ध पाच; यातला निम्मा वेळ तरी बचावाला. गुरुवारी समोरच्या संघाची तयारी, शुक्रवारी चाळीस मिनिटांत उरकणं. सामन्याआधीच्या दोन दिवसांत नवीन काहीही शिकवायचं नाही. सहामाही परीक्षा आली की आठवडा मोडतो. तेव्हा फक्त शेल ठेवा, तोही पंधरा मिनिटं.

दमलेला खेळाडू आधी बचाव सोडतो, शॉट सोडत नाही. सातवा-आठवा खेळाडू दुसऱ्या क्वार्टरमध्ये चार-पाच मिनिटं खेळवलाच पाहिजे, भले दोन बास्केट जास्त जाऊ देत. नाहीतर शेवटच्या पाच मिनिटांत मुख्य पाच जण गुडघ्यांवर हात टेकून उभे दिसतात.

झोनचं काय? २-३ झोन दुसरं हत्यार म्हणून असावा: टाइम-आउटनंतर समोरच्यांची ठरलेली चाल मोडायला, किंवा मुख्य उंच खेळाडूचे चार फाउल झाले असतील तेव्हा. फ्री थ्रो रेषेजवळचा मध्य आणि दोन्ही कोपरे त्यात उघडे राहतात, आणि रिबाउंडला कुणाला अडवायचं हे निश्चित नसतं. १४ वर्षांखालच्या मुलांना फक्त झोन खेळवून चषक आणता येतात, कारण त्या वयात बाहेरून शॉट पोचत नाहीत. अशी मुलं १७ वर्षांखालच्या गटात आली की माणूस अडवता येत नाही म्हणून बाकावर बसतात. मला हे पटत नाही.

बाद फेरी

इथे प्रत्येक प्रतिस्पर्ध्यासाठी अर्ध्या पानाचा कागद पुरतो. त्यात तीन गोष्टी: त्यांचा मुख्य स्कोअरर कोणत्या हाताने ड्राइव्ह करतो, कोणाला बाहेरून मारू द्यायचं, आणि अडचणीत आल्यावर ते कोणती चाल लावतात. त्यांच्या सामन्याचा शेवटचा क्वार्टर प्रत्यक्ष पाहिला तर ही तिन्ही उत्तरं मिळतात, कारण चुरशीच्या वेळी संघ फक्त खात्रीचं खेळतात. मुख्य स्कोअररवर एकच मुलगा अख्खा सामना ठेवू नका. दोघांना वाटून द्या, आणि त्यातल्या चांगल्याला चौथ्या क्वार्टरपर्यंत दोनच फाउलवर ठेवायचा प्रयत्न करा.